मागचा प्लग

काउंटरवरच्या पोरानं दोन डब्या ठेवल्या समोर.
एकीत तांब्याचे, स्वस्त, एखाद्या हंगामाचे.
दुसरीत इरिडियमचे, टोक सुईसारखं,
किंमत तिप्पट, आणि टिकतील म्हणे
चाळीस हजार किलोमीटर.
"किती वर्षं ठेवणार गाडी?"

मी मनात हिशेब केला.
बाबा एक्याऐंशीचे. डाव्या हाताला कंप,
आता उजव्यातही उतरू लागलाय.
डॉक्टरांची तारीख ऑगस्टात.
थंडर बेचा उन्हाळा तीन महिन्यांचा, तोही डासांसकट.
तांब्याचे पुरले असते.
ओठांवर आलंच होतं माझ्या,
तेवढ्यात बाबांनी इरिडियमच्या डबीवर बोट ठेवलं.
बोट टकटक वाजत राहिलं.
पोराला वाटलं, म्हाताऱ्याला घाई आहे.

पुढे दोन चाकं, मागे एक.
दोन चाकांवरची विकली तेव्हा तौनो निएमिनेन
आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते.
मग ही आणली.
"ट्रॅक्टर कुठला?" अर्विडनं कुंपणावरून विचारलं.
"सिग्नलला पाय टेकावा लागत नाही," बाबा म्हणाले.
"तू बस टेकत."

रात्रभर गाडी थंड होऊ दिली.
गरम इंजिनातून प्लग काढला तर आटे उपटून येतात,
हे दोन दिवसांत त्यांनी सातदा सांगितलं.
बाजूची कवचं निघाली. एक स्क्रू हरवला,
सापडला, पुन्हा हरवला.
मी तीस वर्षं नर्स. शीर शोधण्यात
वॉर्डात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.
पुढचा प्लग निमूट आला.
मागचा हवेच्या डब्याखाली, सांगाड्याआड,
दिसतच नाही.
कोपरापर्यंत हात आत, गाल टाकीला टेकलेला,
आणि बाबा स्टुलावर, वेलचीच्या पावाचा तुकडा हातात तसाच:
"डावीकडे. जरा वर. लागलं?"
"लागलं."
"आधी हवा मार. वाळू आत पडली तर संपलं."

पुढच्याचं टोक फिकट तपकिरी,
दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं.
मागचा काळाकुट्ट. काजळी बोटांना लागली.
बाबांनी तो खिडकीशी धरला;
धरला म्हणजे, खिडकीच त्याच्याभोवती हलत राहिली.
"हा गुदमरत होता," ते म्हणाले,
"आणि मला वाटायचं, माझंच चालवणं बिघडलं."

मी विचारलं, हा एकच बदलू का.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी दुसरी डबी उघडली.

गॅप मोजली. पट्टी किंचित अडत सरकली, हवी तशी.
नवा प्लग रबरी नळीच्या तोंडात खोचून आत सोडायचा,
नळी दोन बोटांनी फिरवायची.
आटा तिरका चढला तर नळी नुसती घसरते.
"पाना जोर करतो. त्याला अक्कल नसते."
पहिल्यांदा घसरली.
दुसऱ्यांदाही.
"उलटी फिरव आधी, कट् होईपर्यंत."
मला कट् सापडेना.
मग त्यांचा हात आला माझ्या हातावर, थरथरत.
राहू द्या, म्हणणार होते,
पण त्या थरथरीनं नळी जराशी मागे गेली, जराशी पुढे,
आणि आत कुठेतरी, कट्,
आटा आपल्या घरात बसला.
"मुद्दाम केलं," बाबा म्हणाले.

पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्याला.
वायर. कवचं. एक स्क्रू उरलाच.
चावी फिरवली.
बाबांनी मान तिरकी करून
मागच्या सिलिंडरला कान दिला,
बराच वेळ.
मग पाव संपवला.

खिळ्याला टांगलेली वही काढली.
त्यांचं अक्षर आता त्यांनाच लागत नाही,
म्हणून मी लिहिलं: प्लग बदलले. अठ्ठावीस हजार तीनशे.
"पुढचे कधी, तेही लिही."
मी बेरीज केली. अडुसष्ट हजार तीनशे.
पेन्सिल हलकीच टेकवली होती.
"ठळक," ते म्हणाले.
"ठळक लिही."